परक्या खेळाडूसाठी म्हाळाचे पान

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अनेक वर्षे अमेरिकेत मायामी शहरात होता आणि नातवाचे बालपण तिथेच गेले. आता सारे कुटुंब टिळकवाडीतल्या आमच्या घरी परतले आहे. नातू आठ वर्षांचा असताना, 25 सप्टेंबर 2016 रोजी, त्याचा लाडका बेसबॉल खेळाडू होसे फर्नांडेझ बोटीच्या अपघातात अचानक गेला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला नातू त्याच्या संघाची टोपी कपाटातून काढून टेबलावर ठेवतो आणि दिवसभर फारसे बोलत नाही. यंदा ती तारीख पितृपक्षात येते आणि आमच्या घरचा म्हाळही त्याच दिवशी आहे. नातवाने मला विचारले, “आजोबा, कावळ्याला पान ठेवाल तेव्हा होसेसाठीही एक ठेवाल का?” माझे धाकटे बंधू म्हणतात की ज्याचे आपल्याला सुतक नाही त्याचे पान कसले? सूनबाईंचा आक्षेप निराळा आहे. नशेत बोट चालवून स्वतःसह आणखी दोघांचा जीव घेणाऱ्याला पितरांच्या पंगतीत का बसवावे, असे त्या विचारतात. मला नातवाला नाही म्हणवत नाही आणि घरच्यांना दुखवणेही जमत नाही. काय करावे?
— एक आजोबा, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पान अवश्य ठेवा.

प्रथम आपल्या बंधूंच्या शंकेविषयी लिहिते. सुतक आणि तर्पण यांची मोजमापे वेगळी आहेत. सुतक भाऊबंदकीने ठरते, परंतु महालयात वडिलांकडचे आणि आईकडचे पितर झाल्यावर गुरू, शिष्य, मित्र आणि आप्त यांचीही आठवण केली जाते, आणि तर्पणात तर जे आपले बांधव नव्हते किंवा अन्य जन्मी बांधव होते, त्यांच्या नावानेही पाणी सोडले जाते. ज्यांनी हा विधी घातला त्यांनी परक्यासाठी जागा आधीच राखून ठेवलेली आहे. नातवाचे वडील हयात असल्यामुळे हे त्याने स्वतः करायचे नसते, म्हणूनच त्याने ते आपल्याला विचारले, हेही लक्षात घ्यावे. होसे ख्रिस्ती कुटुंबातला होता आणि त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या आईच्या व आजीच्या उपस्थितीत त्यांच्या धर्माप्रमाणे झाले आहेत. त्यामुळे पिंडाचा प्रश्न येत नाही. ओंजळभर पाणी आणि एक पान एवढे पुरे आहे.

आता नातवाविषयी, कारण माझ्या मते खरा प्रश्न त्याचा आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज. होसे पिचर होता, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, आणि सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरची पाळी साधारणतः दर पाचव्या दिवशी येते. लहान मुलाच्या घरात तो पाचवा दिवस एखाद्या वारासारखा होऊन बसतो. 20 सप्टेंबरला होसेने वॉशिंग्टनच्या संघाविरुद्ध आठ डाव चेंडू टाकून बारा फलंदाज बाद केले होते. त्याची पुढची पाळी सोमवारी, 26 तारखेला होती. रविवारी पहाटे तीनच्या सुमारास बंदराच्या तोंडाशी असलेल्या दगडी बांधावर बोट आदळली. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. रविवारचा सामना रद्द झाला आणि ज्या सोमवारी त्याने चेंडू टाकायचा, त्याच सोमवारी त्याचा संघ त्याच्याविना मैदानावर उतरला.

त्या रात्री मायामीच्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर फर्नांडेझ हे नाव आणि त्याचा 16 हा अंक होता. संघाचा पहिला फलंदाज डी गॉर्डन हा डावखुरा, पण तो पहिल्या चेंडूला होसेसारखा उजव्या हाताने उभा राहिला, मग आपल्या बाजूला आला आणि त्याने त्या हंगामातला आपला पहिला होमरन, म्हणजे थेट सीमेपलीकडे जाणारा फटका, मारला. मैदानाला फेरी घालताना तो रडत होता. सामना संपल्यावर खेळाडूंनी आपल्या टोप्या, होसे जिथून चेंडू टाकत असे, त्या मातीच्या उंचवट्यावर ठेवल्या. नातू टेबलावर टोपी ठेवतो, ती प्रथा त्याने कोठून घेतली असेल हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

मायामीत तो शोक साऱ्या गावाचा होता. क्यूबातून आलेल्या हजारो कुटुंबांना होसे आपल्या घरातला वाटे, कारण तो स्वतः तीनदा पळून जाण्याचा प्रयत्न फसून, तुरुंग भोगून, चौथ्या खेपेस 2008 साली समुद्रमार्गे बाहेर पडला होता. त्या प्रवासात रात्री कोणीतरी पाण्यात पडले म्हणून या पंधरा वर्षांच्या मुलाने उडी घेतली आणि वर काढल्यावर कळले की ती त्याची आई होती. मागे राहिलेली आजी त्याला 2013 मध्ये पुन्हा भेटली. आपला नातू मात्र आता अशा ठिकाणी आहे, जिथे लेले मैदानावर त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे नावही ठाऊक नसेल. ऑक्टोबर 2021 मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या 46 व्या वर्षी अकस्मात गेले तेव्हा आपल्या भागात कोणाला दुःखाचे कारण समजावून सांगावे लागले नाही; शेजारीही त्याच दुःखात होता. चाहत्याचा शोक असा चारचौघांत वाटला जातो म्हणून सोसवतो. आपल्या नातवाला तो आठ-दहा वर्षे एकट्याने करावा लागला आहे आणि पानाच्या निमित्ताने तो घरच्यांची सोबत मागतो आहे, असे मला त्याच्या प्रश्नावरून वाटते.

जागा राखून ठेवण्याची रीत त्या खेळातही आहे. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा कर्णधार आणि कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा, थर्मन मन्सन 2 ऑगस्ट 1979 रोजी विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी सामन्याच्या आरंभी संघाचे आठच खेळाडू मैदानात गेले आणि कॅचरची जागा मोकळी सोडली गेली. 51,151 प्रेक्षक उभे राहून सुमारे आठ मिनिटे टाळ्या वाजवत होते, त्या रिकाम्या जागेकडे पाहत.

सूनबाईंच्या आक्षेपाला मी अधिक वजन देते. त्या म्हणतात ते खरे आहे. होसेच्या शरीरात मद्य आणि कोकेन आढळले आणि 2017 मधील चौकशी अहवालाने बोट तोच चालवत होता असा निष्कर्ष काढला. त्याच्याबरोबर गेलेले दोघे तरुणही कोणाची तरी मुले होती, आणि मैदानाबाहेर फुलांचे ढीग लागले ते बहुतेक एकाच्या नावाने. होसेच्या मुलीचा जन्म तो गेल्यावर पाच महिन्यांनी झाला. हे सारे आपण नातवाला सांगावे, त्याला ते माहीत असेल तरी घरातल्या वडीलधाऱ्याच्या तोंडून त्याने ते ऐकलेले नसावे. सांगताना होसेवरचे प्रेम सोडून दे, असे मात्र सुचवू नये. आपण ज्या पितरांना खीर-वडे वाढतो तेही सगळे निर्दोष नव्हते, हे आपल्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको.

अपघाती मृत्यू आलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशीचा दिवस राखलेला आहे. आपल्या म्हाळाच्या दिवशी घरात वाद नको असेल तर तो दिवस निवडावा. बंधूंनाही त्यात काही वावगे वाटणार नाही. स्वयंपाक सूनबाईंनाच करायचा असेल तर त्यांची संमती आधी घ्यावी आणि नातवाला त्यांच्या हाताखाली मदतीला बसवावे. गच्चीवर पाने मात्र तीन ठेवा. होसेबरोबर गेलेल्या त्या दोघांची नावे नातवाने शोधून काढावीत आणि पाणी सोडताना आपण तीही घ्यावीत.