आजी साय थेट का घुसळत नाही?

लाडक्या ओवीस,

अनेक आशीर्वाद. परवा आजीच्या घरून फोनवर तू विचारलंस, "डब्लिनच्या शाळेत आम्ही बरणीत क्रीम हलवलं आणि लगेच लोणी झालं. मग आजी आधी विरजण का लावते? साय थेट का घुसळत नाही?" घाईघाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून लिहायला बसले.

शाळेत तुम्हाला नुसतं लोणी हवं होतं. आजीला लोणी तर हवंच असतं, शिवाय ताक, तूप आणि बेरीही हवी असते. गोड क्रीम घुसळलं की खाली पांचट दुधासारखं पाणी उरतं, त्याची काही कढी होत नाही. विरजलेल्या सायीखाली मात्र ताक उरतं, आणि वाळव्याकडच्या आपल्या घरात ताकाशिवाय जेवण उरकत नाही.

दुसरं कारण असं. सायीत स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब असतात आणि प्रत्येकाभोवती पातळ आवरण असतं. घुसळताना ती आवरणं फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि त्याचं लोणी होतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि त्या आंबटपणामुळे लोणी सुटायला सोपं जातं. साय लवकर नासतही नाही. घरात फ्रिज नव्हता तेव्हा रोजची साय दह्यातच घालत जायची, ती याचसाठी. शिवाय आजीच्या तुपाला जो खमंग वास येतो, तो या विरजणाने येतो. गोड क्रीमच्या तुपाला तो येत नाही, मी इथे करून पाहिलंय.

आता आजी घुसळायला बसली की शेजारी बस आणि कान देऊन ऐक. सुरुवातीला रवीचा आवाज जाड येतो, मग फेस धरतो आणि रवी जड होते. इथे हात थांबवायचा नाही. थोड्या वेळाने रव्यासारखे कण रवीला चिकटायला लागतात आणि आवाज एकदम पातळ होतो, पाण्यात रवी फिरवल्यासारखा. तेव्हा आजी बर्फाचं पाणी घालेल. लोणी साधारण 12 ते 18 अंशांच्या दरम्यान चांगलं धरतं. त्याहून ऊन झालं की तेलकट होऊन हाताला येत नाही, फार गार असलं की सुटतच नाही. म्हणून पौषात हीच आजी त्यात कोमट पाणी घालते. लोणी काढताना हात आधी पाण्यात बुडव. मग गोळा दोन-तीन पाण्यांनी धू, पाणी नितळ दिसेपर्यंत. आत ताक राहिलं तर लोण्याला वास मारतो.

लोण्याच्या रंगाचंही तू विचारलं होतंस. आयर्लंडमधल्या गाई हिरवं गवत चरतात. त्यातलं पिवळं कॅरोटीन त्यांच्या दुधात उतरतं, म्हणून इथलं लोणी पिवळं. म्हैसही हिरवा चारा खाते, पण ती त्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून आपलं म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरं शुभ्र.

आजी तिच्या सासूच्या काळातल्या गोष्टी सांगते, त्या जरूर ऐक. तेव्हा घुसळखांबाला दोरी बांधून मोठ्या डेऱ्यात घुसळायचे आणि शेजारच्या बायका चरवी घेऊन ताकाला यायच्या. ताकाचे पैसे कोणी घ्यायचं नाही. मागायला संकोच वाटायचा, म्हणून तर 'ताकाला जाऊन भांडं लपवू नये' म्हणतात. आजही आपल्या दारी कोणी आलं तर ताक आधी त्याला, मग आपल्याला. तू स्वतः नेऊन दे.

तूप कढवताना आच मंद ठेवायची आणि वर विड्याचं पान घालायचं. तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की लगेच उतरवायचं, बेरी करपली तर तुपाला कडवट चव येते. तूप गाळून झाल्यावर बेरीत साखर घालून आजी तुला देईल. ताज्या लोण्याचा गोळा ज्वारीच्या गरम भाकरीवर ठेवून खा, आणि कसं लागलं ते मला कळव.

तुझी,
आई