बॉल पायथनची (पाळला जाणारा आफ्रिकी अजगर) अंडी इनक्युबेटरमध्ये ५६ दिवस झाली, अजून फुटली नाहीत. कापू का? (ऐरोली)

थांबा, आज कात्रीला हात लावू नका. ३१-३२ अंशांना ही अंडी साधारण ५५ ते ६० दिवस घेतात; तापमान थोडं कमी राहिलं असेल तर आणखी काही दिवस. मध्ये वीज किती वेळा गेली होती, तेही आठवून बघा.

शेवटी अंड्यांना खळगे पडतात, त्याला घाबरू नका. पिल्लाच्या तोंडाच्या टोकाला अंडदात असतो, त्याने ते स्वतःच कवच चिरतं. चिरल्यावरही एक-दोन दिवस आतच राहून उरलेला बलक पोटात ओढून घेतं. आधीच कापलंत तर रक्तवाहिनी तुटते, बलक सांडतो, जंतुसंसर्ग होतो.

मी फक्त एकाच परिस्थितीत कापेन: पहिलं पिल्लू डोकावून पूर्ण दिवस उलटला आणि बाकीची अंडी गप्पच असली तर. तेही अंडं न फिरवता, टॉर्च लावून, रक्तवाहिन्या नसलेल्या वरच्या जागी नखाएवढी खिडकी. पिल्लू ओढून काढायचं नाही, कधीच नाही.

बॉल पायथन विदेशी असल्याने पिल्लांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि हा आपला देशी अजगर असेल, तर तो घरात ठेवणंच गुन्हा आहे. आजच वनखात्याला कळवा.