शाळेसाठी निवारा केंद्रातून ससा दत्तक घ्यावा का?

चौथीच्या वर्गासाठी प्राण्यांच्या निवारा केंद्रातून ससा आणायचा आहे, मुलं हट्टाला पेटली आहेत, मुख्याध्यापकांचीही हरकत नाही, तर आणावा का, असं तुम्ही विचारलंय. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी अशाच एका केंद्रात सशांचं बघते. माझं उत्तर: आणा, पण त्याआधी मे महिन्याचं काय ते ठरवा.

शाळेला सुट्टी लागते तेव्हाच सशाला सगळ्यांत जास्त जपावं लागतं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीच्या आसपास गेला की त्याला त्रास व्हायला लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात तो चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या बंद वर्गात एका दुपारीसुद्धा त्याचा जीव जाऊ शकतो. शिपाईमामा येऊन पाणी ठेवतील, एवढ्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

म्हणून ससा राहू दे कोणातरी एका शिक्षकाच्या घरी, आणि दत्तकाच्या कागदावर नावही त्याच माणसाचं असू दे. वर्गातली मुलं त्याला भेटतील, त्याचं करतील, पण रात्री, रविवारी, दिवाळीच्या फटाक्यांत तो ओळखीच्या घरात असेल. नीट सांभाळला तर ससा आठ ते बारा वर्षं जगतो. तेवढ्यात ही मुलं कॉलेजात जातील. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असेल तर बदलीचाही विचार आत्ताच करा. बदली झालेल्या शिक्षकाबरोबर ससा जाणार, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

आता मुलांचं. त्यांना ससा उचलून कुशीत घ्यायचा असतो, आणि सशाला नेमकं तेच नको असतं. निसर्गात त्याला वर उचलतात ते शिकारी. घाबरून मागचे पाय झाडले तर त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणं तर क्रूरपणाच आहे. आमच्या केंद्रात येणाऱ्या मुलांना मी सतरंजीवर मांडी घालून गप्प बसायला सांगते. ससा आपणहून येतो, हुंगतो, कधी गुडघ्यावर पाय ठेवतो. चाळीस मुलांच्या वर्गाला इतकं शांत बसलेलं मी एरवी कधी पाहिलेलं नाही. त्या शांततेसाठीच मला हा उद्योग मोलाचा वाटतो. एका वेळी चार-पाच मुलं पुरे. मुळात ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो. दुपारी त्याला झोपू द्या.

खाणं गाजराचं नाही, गवताचं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात गवत चावूनच, म्हणून वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. जोडीला कोथिंबीर, पुदिना, हराळी; औषध फवारलेलं मात्र काही नको. गाजराचा एखादा तुकडा कधीतरी. डब्यातली पोळी, बिस्किट, चॉकलेट अजिबात नाही. सशाला उलटी करता येत नाही. शाळेच्या परसबागेत मुलांनी कोथिंबीर लावली तर उत्तमच. बारा तास त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर उद्याची वाट न बघता डॉक्टर गाठा. ससे बघणारा पशुवैद्य जवळपास आहे का, याची चौकशी ससा आणण्याआधीच करून ठेवा. गायी-म्हशी बघणाऱ्या सगळ्यांनाच सशाचा सराव नसतो, आणि माणसांना चालणारी काही प्रतिजैविकं पोटात गेली तर सशाचा जीव घेतात.

जमलं तर जोडी घ्या, एकटा ससा झुरतो. पण दोघांचीही नसबंदी झालेली हवी. नाहीतर महिन्याभरात पिल्लं होतात, शिवाय नसबंदी न झालेल्या मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो.

कोणी मूल शेतातून रानसशाचं पिल्लू घेऊन आलं तर ते ठेवून घेऊ नका. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

केंद्रात गेलात की पिल्लू मागू नका. माणसांना न बुजणारा, वयाने मोठा, स्वभाव कळलेला ससा कोणता, ते तिथल्या माणसांना विचारा. अशांना घरं मिळत नाहीत, आणि शाळेला तेच सोयीचे असतात.