घर चाकांवर, चॅनल मात्र पत्त्यावर

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालो, न्यू जर्सीतून एप्रिलमध्ये आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघालोय. घरचा सॅटेलाइट रिसीव्हर सोबत आहे, आणि ती घुमटासारखी अँटेना असते ना आपोआप सॅटेलाइट शोधणारी, ती छपरावर बसवून घेतली. सुरुवातीला न्यू यॉर्कची चॅनल छान दिसत होती, इंडियानाला पोचलो आणि सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स सगळी एकदम गायब. सीएनएन, ईएसपीएन मात्र व्यवस्थित. ह्यांनी दोनदा छपरावर चढून घुमट पुसून काढला तरी फरक नाही. अँटेना बदलावी लागेल का?

उत्तर : ताई, आधी त्यांना छपरावरून खाली बोलवा. अँटेना ठणठणीत आहे. सीएनएन दिसतंय म्हणजे घुमटाला सॅटेलाइट सापडलेलंय, त्यामुळे नवीन अँटेना घेतलीत तरी तिला पण एवढंच दिसणार.

गंमत अशी आहे की सॅटेलाइटवरून दोन प्रकारचे झोत येतात. सीएनएनसारखी चॅनल मोठ्या झोतात येतात, तो अख्ख्या देशावर पडतो. लोकल चॅनल, म्हणजे सीबीएस, एनबीसी वगैरे दाखवणारी त्या त्या शहराची स्टेशनं, मात्र स्पॉट बीममध्ये, म्हणजे नाटकात एकाच नटावर लाइट टाकतात तसा बारका झोत, तुमच्या शहरावर आणि आजूबाजूच्या काहीशे मैलांवर. असं का करतात, तर टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीने अमेरिकेचे टीव्हीसाठी २१० मार्केट, म्हणजे विभाग, पाडलेत, प्रत्येक मार्केटची चार-पाच तरी स्टेशनं धरा, ती सगळी देशभर पाठवायला सॅटेलाइटवर जागाच पुरणार नाही. म्हणून एकच फ्रिक्वेन्सी लांब-लांबच्या शहरांसाठी पुन्हा पुन्हा वापरतात. तुम्ही न्यू यॉर्कच्या झोतातून गाडीसकट बाहेर पडलात, एवढंच झालंय.

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, न्यू यॉर्क गेलं तर इंडियानापोलिसची चॅनल का नाही दिसत, त्यांचा झोत तर डोक्यावरच पडतोय. तर तिथे कायदा आडवा येतो. सॅटेलाइट कंपन्यांना लोकल चॅनल द्यायची परवानगी १९९९ च्या कायद्याने मिळाली पण ती त्या त्या मार्केटमधल्या ग्राहकाला, आणि ग्राहक कुठला हे ठरतं खात्यावरच्या पत्त्यावरून. तुमची गाडी कुठे उभी आहे ते रिसीव्हरला माहीत नाही आणि त्याला पर्वाही नाही, त्याच्या लेखी तुम्ही अजून न्यू जर्सीतच बसलाय.

उपाय साधा आहे. कंपनीला फोन करा किंवा चॅट करा, सांगा आम्ही आरव्हीत आहोत, सर्व्हिस अ‍ॅड्रेस, म्हणजे टीव्ही जिथे बघतो तो पत्ता, बदलायचाय, आणि कॅम्पग्राउंडचा, म्हणजे आरव्ही लावून मुक्काम करता त्या जागेचा, पत्ता झिप कोडसकट (आपला पिन कोड) द्या. बिलाचा पत्ता घरचाच ठेवायला सांगा, हे दोनदा बजावा, नाहीतर पुढची सगळी पत्रं कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जाऊन पडतील. मग रिसीव्हर चालू ठेवून थोडं थांबायचं, गाइड, म्हणजे चॅनलची यादी, नव्याने उतरलं की लोकल चॅनल येतात. नाहीच आली तर एक शंका उरते, काही शहरांची लोकल चॅनल अशा सॅटेलाइटवर असतात की जिकडे तुमचा घुमट बघतच नसतो. छोटे घुमट एका वेळी एकाच सॅटेलाइटकडे बघतात हे पण लक्षात ठेवा, बेडरूमच्या टीव्हीवर दुसऱ्या सॅटेलाइटचं चॅनल लावलं की पुढच्या टीव्हीवरचा सामना गेलाच समजा, आणि मग भांडणाला तुम्ही मोकळे.

आणि हो, लोकल म्हणजे जवळच्या मोठ्या गावाचं किंवा त्याच राज्याचं असं नाही. मार्केट काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागावर, ठरतात. यलोस्टोनला जाताना वायोमिंगमधल्या जॅक्सनला उतरलात तर तुमची लोकल बातमी शेजारच्या आयडाहो राज्यातल्या आयडाहो फॉल्सची असणार, कारण ती काउंटी त्या मार्केटमध्ये आहे. आम्ही तिथे दोन दिवस आयडाहोच्या महापौरांची भांडणं ऐकत बसलो होतो, तिसऱ्या दिवशी बायको त्यात बाजू घ्यायला लागली.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक ट्रकवाले म्हणतात की पत्ता बदलायची गरजच नाही, न्यू यॉर्क आणि लॉस एंजलिसची चॅनल देशात कुठेही मिळतात. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे पण अर्धं. ह्याला डिस्टंट नेटवर्क म्हणतात. १९८८ च्या कायद्याने ज्यांच्या घरी साध्या अँटेनावर नेटवर्क दिसत नाही अशांना लांबच्या शहराची चॅनल सॅटेलाइटवरून द्यायची सोय झाली. मग त्यावरून कंपन्या आणि टीव्ही स्टेशनांची भांडणं, कोर्टकचेऱ्या, २००६ मध्ये डिश नेटवर्क ह्या कंपनीला तर कोर्टाने ही चॅनल देणंच बंद करायला लावलं होतं, २०१० च्या कायद्यानंतर ते परत सुरू करायची वाट मोकळी झाली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही सोय बरीच आवळली आणि जे मोजके लोक तिच्यात उरले त्यात आरव्हीवाले आणि व्यावसायिक ट्रकवाले आहेत, म्हणजे तुमचे ओळखीचे स्वतःपुरतं बरोबर बोलतायत. अट अशी की कंपनी सगळ्या २१० मार्केटमध्ये लोकल चॅनल देत असली पाहिजे, त्यामुळे तुमची कंपनी हे देते का ते आधी विचारा. गाडीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी आणि सही केलेला फॉर्म मागतात.

मला स्वतःला हे फारसं आवडत नाही. रोज जागा बदलणाऱ्याला ठीक आहे, पत्ता बदलायची कटकट नाही. पण कॅलिफोर्नियात बसून न्यू यॉर्कचं चॅनल लावलं तर रात्री आठची सिरियल संध्याकाळी पाचला येते, आणि ॲरिझोनाच्या उन्हात बसलेल्या माणसाला टीव्ही सांगतो आज छत्री घेऊन निघा.

प्रश्न : कॅम्पग्राउंडवर झाडं असली की सिग्नल जातो. साइट निवडताना काय बघायचं?

उत्तर : दक्षिण दिशा बघायची. टीव्हीची सॅटेलाइट विषुववृत्तावर सुमारे २२,२०० मैल उंचीवर आहेत, म्हणून अमेरिकेतून ती दक्षिणेकडेच दिसणार, आणि जितके उत्तरेला जाल तितकी आकाशात खाली. ११९ अंश पश्चिम रेखांशावरचं सॅटेलाइट घ्या, सिएटलहून ते जवळजवळ सरळ दक्षिणेला फक्त ३५ अंश वर आहे, टेक्ससच्या ब्राउन्सव्हिलहून नैऋत्येला ५१ अंश वर. म्हणजे अँटेनापेक्षा ३० फूट उंच झाड असेल तर सिएटलला त्याच्यापासून ४३ फूट लांब राहावं लागेल, ब्राउन्सव्हिलला २४ फुटांत भागतं. बुकिंगच्या वेळी सगळे सावलीची साइट मागतात, तुम्ही विचारा दक्षिणेला मोकळं आहे का. सावलीच हवी असेल तर जमिनीवर ठेवायची अँटेना आणि लांब केबल घ्या, गाडी सावलीत आणि अँटेना उन्हात.

प्रश्न : आम्ही स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट घेतलंय, मग सॅटेलाइट टीव्ही कशाला हवा?

उत्तर : तुम्हाला नको असेल तर नका घेऊ, बरेच लोक आता तसंच करतात. एवढंच की स्ट्रीमिंगवाले पण लोकल चॅनल जागेवरूनच ठरवतात, आणि इंटरनेटवरून त्यांना तुमची जागा कधीकधी भलत्याच शहरात दिसते, तेव्हा दुसऱ्याच गावाच्या बातम्या आल्या तर दचकू नका. झाडं तिथेही आडवी येतातच.

प्रश्न : छपरावर हँडल फिरवून वर करायची जुनी अँटेना आहे. ती काढून टाकू का?

उत्तर : अरे बाबा, अजिबात नको! लोकल चॅनलसाठी तीच सगळ्यात भारी आहे, फुकट आहे, आणि तिला तुमचा पत्ता कोणी विचारत नाही, जिथे उभे आहात तिथली चॅनल ती देते. वर केली की टॉवरच्या दिशेला फिरवायची, आणि टॉवर शहरातच असतील असं नाही, लॉस एंजलिसचे माउंट विल्सनवर, अल्बुकर्कीचे सँडिया क्रेस्टवर. २००९ च्या जूनपासून मोठी स्टेशनं डिजिटल झाली त्यामुळे पूर्वीसारख्या मुंग्या दिसत नाहीत, चित्र येतं नाहीतर थेट काळा पडदा, म्हणून थोडं थोडं फिरवून दरवेळी टीव्हीला चॅनल स्कॅन करायला लावायचं. नवीन गाव, नवीन स्कॅन.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. गाडीच्या आत भिंतीवर एक छोटं बटण असतं, शेजारी बारीक दिवा, तो अँटेनाचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा. अँटेनासाठी चालू, कॅम्पग्राउंडच्या केबल टीव्हीसाठी बंद. ह्या एका बटणापायी मी तासभर टीव्हीच्या मागे वायरी उपसत बसलोय आणि शेवटी नातवाने येऊन ते दाबलं. दुसरं म्हणजे निघताना अँटेना खाली. मी एकदा वर ठेवूनच निघालो, पहिल्याच झाडाच्या फांदीने तिचा निकाल लावला. आता वर केली की हँडलला अडकवलेली लाल चिंधी काढून स्टिअरिंगला बांधतो, ती सोडल्याशिवाय गाडी वळवताच येत नाही.

आणि लोकल चॅनल मी खरं तर सिरियलसाठी लावतच नाही, हवामानासाठी लावतो. टोर्नेडोची वॉर्निंग येते तेव्हा टीव्हीवर काउंटीचं नाव सांगतात, आणि पाहुण्या माणसाला आपण कुठल्या काउंटीत उभे आहोत हे कुठे माहीत असतं. ओक्लाहोमात एका रात्री खाली पट्टी सरकतेय, काउंट्यांची नावं येतायत, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय की ह्यातली आपली कुठली! तेव्हापासून कॅम्पग्राउंडला चेक-इन करताना तिथल्या पोरीला काउंटी विचारतो आणि आजूबाजूच्या दोन-तीन काउंट्यांसकट कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवतो. शेजारी बॅटरीवर चालणारा एनओएए वेदर रेडिओ, म्हणजे सरकारी हवामान खात्याचे इशारे सांगणारा रेडिओ, ठेवलाय, कारण रात्री टीव्ही बंद असतो.