अमेरिकेत बाल न्यायालयाचा न्यायाधीश खरंच मतांवर निवडून येतो का? माझी भाची ओहायोत वकील आहे, तिला उभं राहता येईल का?

येतो. आणि "न्यायाधीशाची कसली निवडणूक, नुसतं नाटक" असं म्हणणाऱ्यांना मी दरवेळी सिनसिनाटीचंच उदाहरण देतो.

सिनसिनाटी शहर ओहायोच्या हॅमिल्टन काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). तिथल्या बाल न्यायालयात न्यायाधीशांच्या जागा दोन. त्यातल्या एकीसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये ट्रेसी हंटर आणि जॉन विल्यम्स यांच्यात लढत झाली. पहिल्या मोजणीत हंटर २३ मतांनी हरल्या. लाखांत मतदान झालेल्या काउंटीत फक्त २३. शेकडो प्रोव्हिजनल मतपत्रिका बाद झाल्या होत्या, आणि भांडण तिथेच पेटलं. (प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं मत. मतदाराच्या पात्रतेबद्दल शंका असली की मत वेगळ्या पाकिटात घेतात आणि नंतर तपासून मोजतात.)

ती मतं बाद का झाली, ते नीट समजून घ्या. एकाच शाळेच्या हॉलमध्ये तीन-चार प्रभागांची टेबलं असतात. मतदाराचं नाव यादीत सापडलं नाही, की कर्मचाऱ्याने रस्त्यांची मार्गदर्शिका उघडून त्याचा पत्ता कोणत्या प्रभागात येतो ते बघायचं असतं. बऱ्याचदा एकाच रस्त्याची सम क्रमांकाची बाजू एका प्रभागात आणि विषम बाजू दुसऱ्या प्रभागात असते. कर्मचारी इथे चुकला की मतदार हॉल बरोबर, पण टेबल चुकीचं असा अडकायचा, आणि ओहायोच्या तेव्हाच्या कायद्याने ते अख्खं मत बाद व्हायचं. एका कर्मचाऱ्याने तर साक्षीत ७९८ हा घर क्रमांक विषम ठरवला. तो पहिला आकडा बघत होता, शेवटचा नाही!

हंटर फेडरल (केंद्रीय) न्यायालयात गेल्या. निवडणूक मंडळाने स्वतःच्या कार्यालयात चुकीच्या प्रभागात पडलेली २७ मतं "चूक आमच्या माणसाची" म्हणून मोजली होती, पण हॉलमधल्या तशाच मतांची चौकशीही केली नव्हती. मग सगळ्यांना एकच न्याय का नाही, हा त्यांचा मुद्दा. अपील न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तो मुळात उचलून धरला, फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायाधीश सुझन डलॉट यांनी मोजणीचा आदेश दिला, आणि हंटर शंभराहून कमी मतांनी जिंकल्या. मे २०१२ मध्ये शपथ. त्या न्यायालयात निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीश. सहा वर्षांच्या मुदतीतलं जवळपास दीड वर्ष तोवर वाया गेलं होतं. दरम्यान गव्हर्नरने विल्यम्स यांना दुसऱ्या रिकाम्या जागेवर नेमलंही होतं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध इतकं भांडल्या, ते शेजारच्याच दालनात.

आता तुमच्या भाचीचं. आधी नागरिकत्व. ग्रीन कार्डवर मतदार होता येत नाही आणि मतदार नसलेल्याला हे पद मिळत नाही. त्यानंतर वकिलीची ६ वर्षं, त्याच काउंटीत वास्तव्य, आणि पद स्वीकारताना वय सत्तरीच्या आत. प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी आधीची फेरी, पक्षाची असते, पण मुख्य निवडणुकीत या पदाच्या उमेदवारापुढे पक्ष छापत नाहीत, त्यामुळे नावाची ओळख हेच भांडवल. तिथवर पोचायच्या करिअरच्या वाटा म्हणजे सरकारी वकिलाच्या कार्यालयातला बालविभाग, पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील), मुलाच्या हितासाठी नेमलेला गार्डियन, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे त्याच न्यायालयात मॅजिस्ट्रेट. बहुतेक सुनावण्या मॅजिस्ट्रेटच घेतात, न्यायाधीश त्यांच्या निर्णयावर शिक्कामोर्तब करतात.

अर्जाला पक्षाच्या ५० मतदारांच्या सह्या लागतात, आणि किमानच्या तिपटीपेक्षा जास्त म्हणजे १५० च्या वर देता येत नाहीत. ७५-८० घ्या, काही बाद होतातच. प्रत्येक कागदावर सह्या गोळा करणाऱ्याने स्वतः सह्यांची संख्या लिहायची असते. प्रत्यक्षात सह्या जास्त आणि लिहिलेली संख्या कमी निघाली, की अख्खा कागद रद्द. शिवाय ठरलेल्या मुदतीत आचारसंहितेचा २ तासांचा वर्ग. देणग्या स्वतः मागायच्या नाहीत, समितीने मागायच्या. पाटीवर नाव आणि "न्यायाधीश" यांच्या मध्ये "पदासाठी" या अर्थाचा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत हवा. तो बारीक छापला तर पदावर असल्याचा आव आणल्याची तक्रार येते.

आणि जिंकल्यावर नात्यातलं कोणी त्याच यंत्रणेत नोकरीला असेल, तर त्याच्या फाइलपासून चार हात लांब. हंटर नेमक्या इथेच अडकल्या. त्यांचा भाऊ न्यायालयाच्या बालबंदीगृहात अधिकारी होता आणि त्याच्यावरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणातली कागदपत्रं त्याला दिल्याचा आरोप झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ज्यूरीने एका आरोपात दोषी ठरवलं, बाकी आठांवर एकमत झालं नाही. ६ महिन्यांची शिक्षा अपिलांनंतर २०१९ मध्ये सुरू झाली. खटला राजकीय होता असं त्यांचे समर्थक आजही म्हणतात. माझं मत असं की खटला कसाही असो, ते कागद हातात घ्यायलाच नको होते.

हो, हे सगळं फक्त ओहायोचं. पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी बालखटल्यांसाठी वेगळी निवडणूकच नाही. सर्वसाधारण न्यायाधीश १० वर्षांसाठी निवडून येतो, पुढे मतदार फक्त "ठेवा" किंवा "नको" म्हणतात. तिथल्या लुझर्न काउंटीत खासगी बालबंदीगृहवाल्यांचे पैसे घेणाऱ्या न्यायाधीशाला २००५ मध्ये मतदारांनी "ठेवा" म्हटलंच होतं. तेव्हा निवडणूक म्हणजे चांगल्या माणसाची हमी, असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, तेही नेमलेले, मतांचा संबंध नाही. पण नाटक म्हणू नका. नाटकासाठी कोणी दीड वर्ष सम-विषमवरून भांडत नाही.