वावरातला हिस्सा आणि गावबंदी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली तृतीयपंथी. जन्मनोंद मुलगा म्हणून. बाबा मृत्युपत्र न करता वारले. तेरवीनंतर मोठा भाऊ म्हणाला, "तू ना पोरगा, ना पोरगी, तुले वावरात हिस्सा कायचा?" भावकीनं गावात यायचीच मनाई केली. वारस फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसांची नावं चढवायला, भावानं फक्त आईचं अन् स्वतःचं नाव दिलंय. काय करू?

उत्तर : ताई, भावाच्या म्हणण्याला कायद्यात काडीचा आधार नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाएवढाच केला. म्हणजे तुम्हाला मुलगा म्हणा की मुलगी, हिस्सा तेवढाच! तुम्ही बाबांचं लेकरू आहात, एवढंच सिद्ध करायचं.

अडचण येईल ती नावाची. दाखल्यावर जुनं नाव, आधारवर नवं, असं असेल तर फेरफाराविरुद्धच्या हरकत अर्जात दोन्ही नावं 'उर्फ' लावून लिहा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि दोन्ही नावं तुमचीच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. फेरफाराच्या नोटिशीनंतर 15 दिवसांत तलाठ्याकडे हरकत द्या, पोच घ्या. नोंद मंजूर झाली असेल तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करता येतो. हक्कसोडपत्रावर मात्र सही करू नका, आई रडली तरी.

आता गावबंदी. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात, कलम 12 नुसार, आई राहते त्या घरात राहायचा तुम्हाला हक्क आहे. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा कलम 18 खाली गुन्हा. शिक्षा 6 महिने ते 2 वर्षे कैद आणि दंड. बापाच्या तेरवीला जेवलेली माणसं त्याच्याच लेकराला हाकलतात, आणि हा गुन्हा आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. हे वाचणाऱ्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना माझी कळकळीची विनंती आहे : ही दोन कलमं ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

गावबंदीची तक्रार पोलीस ठाण्यात घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा. आणि गावात एकट्या जाऊ नका. आधी ठाण्यात अर्ज देऊन ठेवा.