सायकली ट्रेलरच्या मागे टांगू नका
मागच्या बंपरवर सायकली अडकवायचा मोह होतो, पण लहान ट्रेलरला तो टाळाच. ट्रेलरच्या चाकांच्या मागे वजन पडलं की हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावरचा, भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. अमेरिकेत हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार धरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा मात्र ओलांडू नका. मला विचाराल तर साध्या सायकली गाडीच्या टपावरच बऱ्या. इलेक्ट्रिक सायकल 20-25 किलोची, ती वर चढवताना कंबर धरते. तिच्यासाठी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा रॅक बघा, बॅटरी काढून आत ठेवा. तिथे हिचवरचा भार वाढतो, म्हणून सायकली चढवूनच मोजा. आणि हो, निघण्याआधी मोकळ्या मैदानात पूर्ण वळण घ्या. सायकलचं हँडल गाडीच्या मागच्या काचेला लागतंय का, ते तेव्हाच कळतं.